एका दिवसाची सहल, पंचवीस छायाचित्रे : तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सहलीहून परतलेल्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते : फोटो चारशे काढले, पण कुणाला दाखवावेत असे दहासुद्धा निघाले नाहीत. मग दोष कॅमेऱ्यावर जातो आणि नव्या मोबाइलच्या किमती पाहणे सुरू होते. प्रत्यक्षात ही छायाचित्रे बहुधा आदल्या रात्री बिघडलेली असतात, आणि जी वाचलेली असतात ती परतल्यानंतरच्या आठवड्यात हरवतात. म्हणून या लेखात बटण दाबण्यापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांचा क्रम अधिक तपशिलाने दिला आहे. उदाहरणे नाशिक आणि परिसरातील आहेत. साधन कोणतेही असो, कॅमेरा किंवा मोबाइल, क्रम तोच राहतो.

टप्पा १ : ठिकाणांचा क्रम प्रकाशावरून ठरवणे

बहुतेक जण ठिकाणांचा क्रम रस्त्याच्या सोयीने लावतात आणि नेमकी इथेच पहिली चूक होते. वाटेत आधी काय लागते यापेक्षा कोणत्या जागेवर कोणत्या वेळी ऊन पडते हे पाहून क्रम लावावा, आणि त्यासाठी थोडा वाकडा प्रवास करावा लागला तरी तो करावा.

रामकुंडाचे उदाहरण घ्या. गोदावरी एरवी पूर्वेकडे वाहत असली तरी रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळते. त्यामुळे तेथे नदीचा एक काठ पूर्वेला, म्हणजे पंचवटीच्या बाजूला, आणि दुसरा पश्चिमेला, म्हणजे गावाच्या बाजूला येतो. सकाळचे ऊन पश्चिम काठावर, सुंदरनारायण मंदिराच्या दर्शनी भागावर येते. संध्याकाळचे ऊन पूर्व काठावर, नारोशंकराच्या मंदिरावर येते. जो सकाळी नऊ वाजता नारोशंकराचे शिखर टिपायला जातो, त्याच्या कॅमेऱ्यासमोर सूर्य असतो आणि शिखर काळपट येते. तो दिवसभर स्वतःच्या लेन्सला नावे ठेवत राहतो. खरे तर त्याला नऊ तास थांबून परत यायचे होते, एवढेच.

पांडवलेण्यांची गोष्ट वेगळी आहे. ही २४ लेणी त्रिरश्मी डोंगराच्या उत्तरेकडील अंगाला कोरलेली आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्यामुळे लेण्यांचा दर्शनी भाग जवळजवळ दिवसभर सावलीत राहतो. याला अडचण मानू नये. सावलीतला हा एकसारखा, मऊ प्रकाश स्तंभांवरील कोरीव कामासाठी फार सोयीचा असतो, फक्त चौकटीत पांढरे आकाश येऊ द्यायचे नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पांडवलेणी दुपारच्या वेळेसाठी राखून ठेवावीत, कारण त्या वेळेत उघड्यावरचे दुसरे काहीही धड येत नाही. दर्शनी भागावर थेट कोवळे ऊन हवे असेल तर एप्रिल-मे महिन्यांतील सकाळ गाठावी लागते, कारण तेव्हा सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो.

निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वर या पक्षी अभयारण्यात सूर्योदयाच्या आधी पोहोचण्याला पर्याय नाही. नाशिकमध्ये जानेवारीत सूर्योदय साधारणपणे सात वाजून दहा मिनिटांनी होतो, तर जूनच्या आरंभी सहाच्या थोडा आधी. घरून निघण्याची वेळ या आकड्यावरून उलटी मोजत यावी, आणि चहासाठीचा अर्धा तास त्यात आधीच धरावा, कारण तो लागतोच.

या हिशेबाने हिवाळ्यातील एक दिवस असा बसतो : पहाटे नांदूरमधमेश्वर, परतताना मिसळ, दुपारी पांडवलेणी, संध्याकाळी गोदाघाट. यात चौथे ठिकाण घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा.

तपासणी : प्रत्येक ठिकाणापुढे कागदावर एकच वाक्य लिहिलेले असावे, "येथे मला काय टिपायचे आहे". वाक्य सुचत नसेल तर ते ठिकाण पाहण्यासाठी ठेवावे, छायाचित्रांसाठी नव्हे.

टप्पा २ : आदल्या रात्रीची पिशवी

बॅटरी पूर्ण भरून ती कॅमेऱ्यात घातलेली असावी. चार्जरवर राहून गेलेली बॅटरी ही सहलीतील सर्वांत जुनी शोकांतिका आहे. मोबाइलसाठी पॉवर बँक आणि तिची केबल एकत्र, रबराने बांधून ठेवावी. ६४ जीबीच्या एका मेमरी कार्डाऐवजी ३२ जीबीची दोन कार्डे घ्यावीत, म्हणजे एक बिघडले तरी अर्धा दिवस हाती राहतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेले मूळ चित्र, साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे ३२ जीबीमध्ये सुमारे हजार चित्रे मावतात. एका दिवसाला तेवढी पुष्कळ झाली. मोबाइलवाल्यांनी मात्र रिकामी जागा आधीच तपासावी. "स्टोरेज फुल" ही सूचना नेहमी आरती सुरू झाल्यावरच येते.

लेन्स पुसण्यासाठी स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके घ्यावे, खिशातला रुमाल नको. मोबाइलच्या लेन्सवर बोटांचे तेल असतेच, आणि संध्याकाळच्या दिव्यांभोवती जी धूसर वलये येतात ती बहुतांशी त्या तेलामुळेच.

पावसाळ्यात अंजनेरी, हरिहर किंवा त्र्यंबक परिसरात जाणार असाल तर दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरते. पिशवीला लेन्सपुरते भोक पाडून ती रबरबँडने लेन्सच्या कडेवर घट्ट बसवली की पावसात काम करता येते.

सावधान : वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताच कॅमेरा बाहेर काढू नये. थंड काचेवर लगेच वाफ धरते आणि ती पुसत बसल्याने ओरखडे येतात. कॅमेरा बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावा. त्याहून सोपे म्हणजे पोहोचण्याच्या पंधरा मिनिटे आधी गाडीचा एसी बंद करून काचा उघडाव्यात.

टप्पा ३ : घड्याळ आणि चार सेटिंग

कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे. या पायरीला कुणी महत्त्व देत नाही. मीही देत नव्हतो. एका घरगुती सहलीनंतर तिघांची छायाचित्रे एकत्र करून वेळेनुसार लावली, तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ साडेपाच तास मागे असल्याचे कळले. संध्याकाळी सातच्या गोदाआरतीचे दिवे दुपारी दीडच्या जेवणाच्या ताटांमध्ये येऊन बसले होते आणि सहाशे चित्रांचा क्रम हाताने लावण्यात माझे दोन रविवार गेले. आता सकाळचे पहिले चित्र मी मोबाइलच्या पडद्यावरील घड्याळाचे घेतो, म्हणजे चूक राहिलीच तर किती मिनिटांची आहे हे नेमके कळते.

उरलेल्या चार गोष्टी थोडक्यात अशा. फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइलमध्ये चौकटीच्या रेषा, म्हणजे ग्रिड, सुरू कराव्यात, त्यामुळे नदीचा काठ तिरका येत नाही. चेहरे गुळगुळीत करणारे "ब्युटी" सेटिंग बंद करावे. कॅमेऱ्यात सोय असल्यास रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र साठवण्याचा पर्याय निवडावा. मात्र त्यात चित्रांची संख्या कमी होते हे लक्षात ठेवावे.

तपासणी : घरातच एक चित्र काढून ते पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहावे. कार्ड घातले आहे, आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, मागच्या लग्नातल्या ३२०० वर अडकलेला नाही आणि लेन्स स्वच्छ आहे, या तिन्ही गोष्टी त्यात कळतात.

टप्पा ४ : पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे

या दहा मिनिटांत कॅमेरा पिशवीतच राहावा. जागेभोवती एक फेरी मारावी, ऊन कोणत्या बाजूने येते, गर्दी कुठे साठते, मागे विजेच्या तारा आणि फलक कुठे आहेत हे पाहून घ्यावे. सूचनाफलक वाचण्याची वेळही हीच. घाईने काढलेली पहिली वीस चित्रे पुढे जवळजवळ नेहमी काढून टाकावी लागतात, त्यामुळे या दहा मिनिटांत वेळ वाया जात नाही.

टप्पा ५ : दुरून, मधून, जवळून

सहलीतील चित्रे कंटाळवाणी होण्याचे मुख्य कारण म्हणजे ती सगळी एकाच अंतरावरून आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली असतात. प्रत्येक ठिकाणी तीन अंतरे आणि त्यांचा क्रम पाळावा.

आधी दुरून. गोदाघाटावर असाल तर अहिल्याबाई होळकर पुलावरून कुंडे, पायऱ्या आणि मंदिरे एकत्र दिसतील असे चित्र घ्यावे. पाहणाऱ्याला जागा कोणती आहे ते याच चित्रातून कळते. एकच पुरते.

मग मधून. घाटावर द्रोणातले दिवे विकणारी एखादी आजी बसलेली असते. तिच्यापासून चार-पाच पावलांवर, तिच्याएवढेच खाली बसून, ती आणि तिच्याकडून दिवा घेणारे गिऱ्हाईक असे दोघे चौकटीत घ्यावेत. परवानगी विचारून झाल्यावर लगेच बटण दाबू नये. मान कॅमेऱ्याकडे वळलेली असते, ती पुन्हा कामात वळेपर्यंत थांबावे.

शेवटी जवळून. दिवा लावताना वारा लागू नये म्हणून ती डाव्या हाताचा तळवा ज्योतीआड धरते. पानाच्या द्रोणात झेंडूची दोन फुले, मध्ये वात, आणि बोटांच्या कडांतून आरपार दिसणारा लालसर उजेड असे ते दृश्य दोन-तीन सेकंदच असते. त्यासाठी फोकस आधीच द्रोणाच्या कडेवर धरून ठेवावा, मोबाइलवर त्या जागी बोट टेकवून प्रकाश कमी करून ठेवावा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी. काडी पेटल्यावर सुरुवात केली तर हाती फक्त धूर लागतो.

हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे आधी जवळच्या तपशिलात रमल्यास, दूरच्या चित्राचा प्रकाश निघून जातो. तपशील अंधारातही मिळतात, घाट मिळत नाही.

याच ठिकाणी मिसळीचाही उल्लेख करतो, कारण नाशिकच्या प्रत्येक सहलीत ती असते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तिचे चित्र वाईट येते. दुकानातील ट्यूबलाइटखाली, बरोबर वरून घेतलेल्या चित्रात तर्री चिखलासारखी दिसते. खिडकीजवळचे टेबल पकडावे, उजेड बाजूने येऊ द्यावा, आणि पाव, दही, पापड मांडत बसण्यापूर्वी, रस्सा ओतल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात चित्र घ्यावे. शेव मऊ पडली की खेळ संपला.

टप्पा ६ : कॅमेरा जेथे हमखास फसतो

समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाश ठरवतो. दृश्य फार काळे किंवा फार पांढरे असले की त्याचा अंदाज चुकतो, आणि नाशिकमध्ये दोन्हींची रेलचेल आहे.

काळाराम मंदिराचा काळा दगड चौकटभर आला की कॅमेरा त्याला उजळवून करडा करतो आणि वरचे आकाश पांढरे फटफटीत होते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवावे. मोबाइलवर दगडावर बोट टेकवून, बाजूला येणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढले की तेच काम होते. पावसाळ्यात हरिहर किंवा ब्रह्मगिरीवर धुके उतरते तेव्हा उलट करावे, कारण कॅमेरा त्या पांढऱ्याला मळकट करतो. तेथे अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक लागते. नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावरील वारकरी, म्हणजेच चांदवा, हा काळा पक्षी पांढऱ्या चोचीचा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी परीक्षा घेतो. चोच जळू, म्हणजे तपशील जाऊन पांढरीफटक होऊ, न देणे हे पहिले, पिसांचा तपशील नंतर.

उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा काळ, १/१६०० सेकंदाच्या आसपास, पळत्या मुलांसाठी १/५०० आणि बसलेल्या माणसांसाठी १/१२५ पुरतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी घेणाऱ्याभोवतीचे पाणी थेंब-थेंब दिसावे असे वाटत असेल तर १/१००० च्या खाली येऊ नये. सोमेश्वरच्या धबधब्याचे पाणी मात्र रेशमी यावे असे अनेकांना वाटते. त्यासाठी १/४ सेकंद किंवा त्याहून मंद शटर, आयएसओ १००, एफ/११ ते एफ/१६ एवढे लेन्सचे लहान छिद्र, ढगाळ हवा आणि कॅमेऱ्याला कठड्याचा भक्कम आधार हवा. हातात धरून हे जमत नाही.

मोबाइलने दूरचे पक्षी टिपण्याचा हट्ट धरू नये. झूम करून मिळणारा ठिपका चक्रवाकाचा आहे की प्लॅस्टिकच्या डब्याचा हे नंतर काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याऐवजी पाणवनस्पती, निरीक्षण मनोरा, दुर्बिणीला डोळा लावलेली मुले आणि पाण्यावरची पहाट ही चित्रे मोबाइलवर उत्तम येतात.

सावधान : सोमेश्वरचा धबधबा गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की येथील पाणीही वाढते. खडकांवर उतरून चित्रे घेऊ नयेत.

टप्पा ७ : माणसे, मंदिरे आणि मनाईच्या जागा

रामकुंडावर अस्थिविसर्जन, श्राद्धविधी आणि स्नान एकाच ठिकाणी चालते. विधीला बसलेल्या कुटुंबाचे चित्र न विचारता घेऊ नये, आणि स्नान करणाऱ्या किंवा वस्त्र बदलणाऱ्या व्यक्तींचे चित्र विचारूनही घेऊ नये. मंदिरांच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नये. त्र्यंबकेश्वर मंदिरात आत छायाचित्रणाला मनाई आहे, त्यामुळे तेथील योजना बाहेरून दिसणाऱ्या भागापुरतीच आखावी.

पांडवलेणी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे आणि ट्रायपॉड वापरण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. आत कमी प्रकाश असल्यामुळे स्तंभाला टेकण्याचा मोह होतो. कोरीव भागाला अंग किंवा पिशवी लावू नये. स्वतःचे कोपर बरगड्यांना घट्ट लावून, श्वास सोडल्यानंतरच्या क्षणी बटण दाबल्यास १/३० सेकंदालाही चित्र बहुधा स्थिर येते. खात्रीसाठी एकाच्या जागी चार काढावीत.

नाशिकरोडची नोटांची आणि सिक्युरिटी छापखान्यांची आवारे, देवळालीचा लष्करी परिसर आणि ओझरचे विमानतळ या बाजूंना कॅमेरा वळवू नये. ड्रोन उडवायचे असल्यास सरकारच्या "डिजिटल स्काय" या ड्रोनसाठीच्या नकाशावर त्या जागेचा रंग, म्हणजे तेथे मोकळीक आहे की मनाई, आधी पाहावा.

टप्पा ८ : परतल्यावर त्याच रात्री

येथे सर्वांत मोठे नुकसान होते. दमलेला माणूस कार्ड तसेच कॅमेऱ्यात ठेवतो, पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी वाढदिवस येतो, आणि "यात काही नाही" म्हणून कार्ड फॉरमॅट होते. म्हणून कितीही कंटाळा आला तरी पुढील क्रम त्याच रात्री पूर्ण करावा : कार्डातील सर्व चित्रे लॅपटॉपवर उतरवावीत, फोल्डरला "२०२६-०१-१८ नांदूरमधमेश्वर, गोदाघाट" असे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असलेले नाव द्यावे, तोच फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर नकलावा, आणि दोन्हीकडील चित्रांची संख्या जुळते का ते पाहावे. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करावे, तेही लॅपटॉपमध्ये नव्हे तर कॅमेऱ्यातच.

इतरांनी काढलेली चित्रे व्हॉट्सॲपवर मागवताना ती "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगावे. साधी पाठवलेली चित्रे लहान होऊन येतात आणि पुढे मोठ्या आकारात नीट छापता येत नाहीत. आत्याबाईंना हे समजावण्यापेक्षा त्यांचा मोबाइल घेऊन स्वतः पाठवणे लवकर होते.

पावसात फिरून आला असाल तर कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवावा. ओल्या पिशवीत बंद करून कपाटात टाकलेल्या लेन्सवर बुरशी धरते, आणि एकदा काचेच्या आत गेलेली बुरशी घरी निघत नाही.

सावधान : सहलीच्या वेळी, कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर पाहून चित्रे काढून टाकू नयेत. उन्हात पडदा नीट दिसत नाही, आणि घाईत एका चित्राऐवजी "सर्व" हा पर्याय दाबला गेल्याची उदाहरणे घरोघरी आहेत.

टप्पा ९ : चारशेतून पंचवीस

निवड त्याच रात्री करू नये. त्या दिवशी प्रत्येक चित्राला आपली दमछाक चिकटलेली असते, म्हणून तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. मग पहिल्या फेरीत फक्त हललेली, डोळे मिटलेली आणि एकसारखी चित्रे बाजूला काढावीत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ठिकाणची दुरून, मधून, जवळून अशी तीन अंतरे शिल्लक आहेत का ते तपासावे. तिसरी फेरी कठीण असते, कारण तेथे चांगली चित्रेही वगळावी लागतात. सूर्योदयाची नऊ सुंदर चित्रे असतील तर एकच ठेवावे.

कापणी आणि प्रकाशदुरुस्ती निवड झाल्यानंतर करावी. आधी केली तर जे चित्र ठेवायचेच नव्हते त्यावर तास जातो, आणि तास गेला म्हणून मग ते ठेवावेसे वाटते.

टप्पा १० : छापणे आणि नावे लिहिणे

४ × ६ इंचांच्या चांगल्या छपाईसाठी १२०० × १८०० पिक्सेल पुरतात. घोटाळा वेगळ्याच जागी होतो. ४ × ६ चे प्रमाण २:३ आहे आणि मोबाइलचे चित्र बहुधा ३:४ असते, त्यामुळे छापताना वरखाली काहीतरी कापले जाते आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या काकांचे डोके जाते. छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक चित्र स्वतःच २:३ मध्ये कापून द्यावे, आणि समूहचित्र घेतानाच डोक्यांवर मोकळी जागा सोडण्याची सवय लावावी.

छापील प्रतीच्या मागे दिनांक, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावे लिहावीत. नुसते "आजी" किंवा "मामा" पुरत नाही, कारण पुढच्या पिढीत ती नाती बदललेली असतात. पूर्ण नाव लिहावे. बॉलपेन दाबून लिहिल्यास अक्षरांचा उमटा पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर दिसतो, म्हणून बारीक टोकाचे पक्क्या शाईचे मार्कर हलक्या हाताने वापरावे आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत प्रती एकमेकींवर ठेवू नयेत.